पायाखाली जमीन नसताना: वॉटरपोलोचा सराव आणि विश्रांती

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही टॉवरची जाहिरात बघा, स्विमिंग पूल असतोच. निळं पाणी, कडेला आरामखुर्ची, पाण्यात उभं राहून हसणारं चौकोनी कुटुंब. त्या ‘उभं राहून’मध्येच गोम आहे. हे पूल बहुतेक चार-साडेचार फुटांचे. वॉटरपोलोला पाणी लागतं कमीत कमी १.८ मीटर, म्हणजे जवळजवळ सहा फूट, कारण या खेळात गोलकीपर सोडून कुणालाही तळाला पाय टेकवून खेळता येत नाही. तलावांचं शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात पोहणारी मुलं ढिगाने सापडतात आणि वॉटरपोलो खेळणारी शोधावी लागतात, त्याचं एक कारण हे असं साधं, फुटपट्टीचं आहे.

मी कॉलेजात असताना हा खेळ खेळलो, खांदा खराब करून घेतला आणि आता शनिवार-रविवार एका तरणतलावावर मुलांच्या सरावाला मदत करतो. पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘‘सर, पोहायला तर त्याला छान येतं. मग आता नवीन काय शिकायचं?’’ काठावर उभ्या उभ्या दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी खेळ थोडक्यात. दोन्ही बाजूंचे सात-सात जण पाण्यात, त्यातला एक गोली. आठ-आठ मिनिटांचे चार डाव, पण घड्याळ फक्त चेंडू खेळात असतानाच पळतं, त्यामुळे बत्तीस मिनिटांचा सामना सहज तासभर चालतो. गोली सोडून बाकीच्यांनी चेंडूला एका वेळी एकच हात लावायचा. चेंडू आपल्या संघाकडे आला की गोलवर मारा करायला जेमतेम अर्धा मिनिट. जाळी तीन मीटर रुंद आणि पाण्यावर फक्त ९० सेंटिमीटर उंच. पाण्याखाली जे चालतं ते काठावरच्या आईबापांना दिसत नाही, हे एका परीने बरंच आहे. सामन्याआधी पंच प्रत्येकाची नखं तपासतात, यावरून काय ते समजा.

आणि हा खेळ आपल्याला परका नाही. १९४८च्या लंडन आणि १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताचा वॉटरपोलो संघ उतरला होता. १९५१ला दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेत आपण सुवर्णपदक मिळवलं, १९७०ला बँकॉकमध्ये रौप्य, १९८२ला पुन्हा दिल्लीत कांस्य. त्यानंतरचं पान कोरं आहे.

रवी घुसळावी तसे पाय

गेल्या वर्षी एक मुलगा आला. फ्रीस्टाइलला जिल्ह्यात नाव असलेला, खांदे असे की टी-शर्ट शिवणीत उसवेल. पहिल्या दिवशी त्याला म्हटलं, खोल पाण्यात ये, उभा राहा आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्याबाहेर काढ. पंधरा सेकंदांत हनुवटी पाण्याला लागली, वीस सेकंदांत नाकातोंडात पाणी. बाजूला एक चौदा वर्षांची किरकोळ अंगाची मुलगी दोन्ही हात वर करून त्याच्याकडे बघत होती, जणू बसस्टॉपवर उभी आहे.

त्या मुलीकडे होतं आणि त्याच्याकडे नव्हतं ते तंत्र म्हणजे एगबीटर किक. पाण्यात खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, गुडघे कमरेपेक्षा रुंद, मांड्या पाण्याच्या पृष्ठभागाला जवळपास समांतर. मग गुडघ्याखालचे पाय आळीपाळीने गोल फिरवायचे, एक एका दिशेने, दुसरा उलट दिशेने. आजी ताक घुसळायची तेव्हा रवी एकदा इकडे, एकदा तिकडे फिरायची आणि ताक कधी थांबायचं नाही, तसं. बेडकासारखी लाथ मारली, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मारतो तशी दोन्ही पायांनी एकदम, तर माणूस वर उसळतो आणि पुन्हा खाली जातो. आळीपाळीने मारल्यावर एक पाय धक्का देत असताना दुसरा पुढच्या धक्क्याच्या तयारीत असतो, म्हणून उंची टिकते. सामन्यातला साधारण निम्मा वेळ खेळाडू असा उभाच असतो, आणि तोही कुणीतरी खांद्यावर रेललेलं असताना.

म्हणून आमच्याकडे सराव पोहण्यापासून सुरू होत नाही, पायांपासून होतो. आधी हात पाण्यात, मग मनगटं बाहेर, मग कोपरं बाहेर. तीस सेकंद काम, तीस सेकंद विश्रांती. ते जमलं की डोक्यावर पाच लिटरचा पाण्याचा कॅन, सुरुवातीला अर्धाच भरलेला. मग दोघांना समोरासमोर छातीला छाती लावून ढकलायला लावायचं, कोण मागे सरकतो बघायचं. यात पोरांना भलतीच मजा येते.

या हालचालीची किंमत गुडघ्याच्या आतल्या बाजूला आणि जांघेत मोजावी लागते. आपल्याला वाटतं, मांडी घालून बसायची सवय असलेल्यांना हे सोपं जाईल. पण मांडी घालताना खुबा बाहेरच्या बाजूला फिरतो आणि या लाथेत पोटरी बाहेर जाते तेव्हा खुबा आतल्या बाजूला फिरावा लागतो, नेमका उलट. खुबा फिरला नाही की ती वळण्याची सगळी ओढ गुडघ्यावर येते, आणि गुडघा हा मुळात बिजागरीचा सांधा, दार उघडावं-मिटावं तसा. म्हणून जमिनीवर खुब्याचे व्यायाम आणि मांडीच्या आतल्या स्नायूंची ताकद, या दोन गोष्टी आठवड्यातून दोनदा तरी हव्यात. त्यातला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत नावडता व्यायाम म्हणजे कोपनहेगन प्लँक: कुशीवर कोपरावर तोलायचं, वरचा पाय बाकावर ठेवायचा आणि त्याच पायाच्या जोरावर अंग उचलायचं. सुरुवातीला गुडघा बाकावर, दहा-दहा सेकंद, तेवढं पुष्कळ झालं. गोली तर दिवसभर पाण्यातून उड्याच मारतो. त्याला यातून सुटका नाही.

झोपाळ्यावरून चेंडू फेकून बघा

क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून फेक करणारा आधी पुढचा पाय रोवतो. जोर जमिनीतून पायात, पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि शेवटी मनगटात जातो. खांदा हा त्या साखळीतला शेवटून दुसरा दुवा, सगळा भार त्याच्या एकट्यावर नसतो. आता घरी झोपाळा असेल तर त्यावर पाय अधांतरी ठेवून बसा आणि जोरात चेंडू फेका. चेंडू पुढे जातो आणि तुम्ही मागे. वॉटरपोलोची फेक ही अशी आहे. तरी जगातले चांगले खेळाडू चेंडू ताशी ७० किलोमीटरच्या पुढे मारतात, कारण त्यांचे पाय पाण्यातच एक तात्पुरती जमीन तयार करतात: क्षणभर जोरात रवी घुसळून अंग कमरेपर्यंत वर काढायचं, धड फिरवायचं आणि मग हात सोडायचा.

पाय थकले की हे सगळं कोसळतं. अंग वर येत नाही, धड फिरत नाही, आणि फेक निव्वळ खांद्यातून निघते. चौथ्या डावातले खांदे दुखतात ते बहुतेकदा पायांमुळे, हे मला समजायला खूप वर्षं लागली.

खांद्याची रचनाच नाजूक. खुबा खोल वाटीत बसलेला असतो, खांदा मात्र बशीवर ठेवलेल्या लाडवासारखा. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच तो जागच्या जागी धरून ठेवायचं काम आजूबाजूच्या छोट्या स्नायूंना करावं लागतं. जलतरणपटूचा खांदा हजारो वेळा गोल फिरतो. फेकणाऱ्याचा खांदा झटक्याने पुढे येतो आणि तितक्याच झटक्याने थांबवावा लागतो. वॉटरपोलोवाल्याच्या वाट्याला दोन्ही येतं. त्यात चेंडू पाहण्यासाठी डोकं वर ठेवून पोहायचं, म्हणजे मान आणि कंबरही ताणलेली. छातीचे स्नायू दणकट आणि आखडलेले, पाठीचे त्यामानाने कमजोर, खांदे पुढे झुकलेले: हा या खेळातला नेहमीचा बांधा. त्यावर उतारा अगदी स्वस्त आहे. एक रबरी पट्टा घ्या, दाराच्या कडीला बांधा. कोपर कमरेला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला ओढायचा. मग दोन्ही हातांनी पट्टा छातीकडे ओढून पाठीतली पाती एकमेकांकडे आणायची. पंधरा-पंधराचे दोन-तीन फेरे, आठवड्यातून तीनदा. कंटाळवाणं आहे, मान्य.

दुसरं, फेका मोजा. क्रिकेटमध्ये लहान वेगवान गोलंदाजाची षटकं मोजतात, मग इथे मोजायला काय हरकत आहे? सुट्टी संपवून आलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी उत्साहात शंभर-दीडशे कडक शॉट मारले तर खांदा आठवडाभर बोलतो. खांदा रात्री झोपेतून उठवत असेल, हात डोक्याच्या वर नेताना ठराविक जागी चमक येत असेल, किंवा फेकल्यावर हात मेल्यासारखा जड पडत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना किंवा खेळांतल्या दुखापती बघणाऱ्या फिजिओला दाखवायचं. माझ्या वेळी आम्हाला शिकवणारे म्हणायचे, ‘‘दुखतंय म्हणजे बनतंय.’’ मी दोन वर्षं बनवत राहिलो. आज ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये वरची कडी धरली की आत कट्‌कन वाजतं.

जाता जाता एक. सामन्याच्या सकाळी प्रेमाने खोबरेल तेलाची मालिश करून पाठवणाऱ्या आया आहेत. मालिश जरूर करा, पण आदल्या रात्री. अंगाला तेल किंवा वंगण लावून पाण्यात उतरायला नियमात बंदी आहे, आणि निसटत्या मुलाला पकडणाऱ्याची तक्रार रास्तच असते.

बादली, गच्चीवरची टाकी आणि पालिकेची लाइन

आता दमाचं बघू. सामन्यात एक खेळाडू साधारण दीड किलोमीटरपर्यंत पोहतो, पण सलग नाही. पाच-दहा सेकंदांची धाव, मग झटापट, मग थोडं तरंगणं, पुन्हा उलटी धाव. अशा खेळाला शरीर इंधन कसं पुरवतं हे समजायला ठाण्याच्या सोसायटीचं उदाहरण फार कामाचं.

बाथरूममध्ये भरून ठेवलेली बादली असते. हवं तेव्हा पाणी तयार, पण दहा सेकंदांत रिकामी. स्नायूत असाच एक छोटा साठा असतो, क्रिएटिन फॉस्फेटचा. पूर्ण जोराच्या धावेत तो साधारण दहा सेकंदांत आटत येतो. मग गच्चीवरची टाकी: नळ सोडला की धो-धो पाणी, पण एक-दोन मिनिटं तसाच सोडून ठेवला तर खालून ओरड सुरू. हे म्हणजे साखर प्राणवायूशिवाय घाईघाईने फोडणं. जोर मिळतो, पण मांड्या पेटतात. आणि तिसरी पालिकेची लाइन. धार बारीक, पण चोवीस तास. हा प्राणवायूवर चालणारा मार्ग.

गंमत अशी की रिकामी झालेली बादली भरते ती शेवटी याच तिसऱ्या लाइनमधून. धाव थांबल्यावर अर्ध्या मिनिटात ती साधारण अर्धी भरते, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. वॉटरपोलोत तेवढी उसंत कधी मिळतच नाही. म्हणजे ज्याचा पाइप जाड, त्याची बादली दोन धावांच्या मधे जास्त भरलेली. लांब, संथ पोहण्याचा उपयोग तेवढ्यासाठी, आणि सीझनच्या सुरुवातीला तो खरोखर आहे. पण रोज तीन किलोमीटर कापूनच वॉटरपोलो येईल असं समजणं म्हणजे पाइप जाड करून बादली विकत घ्यायची विसरणं. सामना जवळ येतो तसं पोहणं तुटक व्हायला हवं: पंधरा मीटर जोरात, तिथेच थांबून दहा सेकंद उभ्याने झटापट, उलट वळून पुन्हा पंधरा मीटर, मग अर्धा मिनिट विश्रांती. असे आठ, मग मोठी विश्रांती, मग परत.

इथेच एक इशारा, आणि यात कसलीही तडजोड नको. काही ठिकाणी दम वाढवण्यासाठी मुलांना पाण्याखाली श्वास रोखून लांबी मारायला लावतात, त्याआधी भराभर श्वास घ्यायला सांगतात. भराभर श्वासाने प्राणवायू फारसा वाढत नाही, पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. श्वास घ्यायची हाक मारणारा तोच असतो. त्याची हाक उशिरा येते आणि तोवर मुलगा पाण्याखाली बेशुद्ध पडलेला असू शकतो, काही न ओरडता, हात-पाय न मारता. अशा स्पर्धा मुलं आपापसातही लावतात. दिसल्या की थांबवा.

पाण्यातला घाम

मे महिन्यातली गोष्ट. उघड्यावरच्या तलावाचं पाणी इतकं कोमट की उतरताना अंगावर शहारासुद्धा येत नाही. एका मुलाला म्हटलं, आज एक प्रयोग करू. सरावाआधी अंग कोरडं करून वजन केलं: ६१.४ किलो. दीड तासात त्याने अर्धा लिटर पाणी प्यायलं, मधे लघवीला गेला नाही. बाहेर आल्यावर पुसून पुन्हा काट्यावर उभा केला: ६०.९. अर्धा किलो घटलं, वर अर्धा लिटर प्यायलेलं. म्हणजे लिटरभर घाम गेला होता. तो म्हणाला, ‘‘पण सर, मला घाम आलाच नाही.’’ कळणार कसा? पाण्यात घाम दिसतही नाही आणि चिकटतही नाही.

थंड पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतं, म्हणून २६-२७ अंशांच्या पाण्यात हे प्रकरण आटोक्यात राहतं. पाणी तीस अंशांच्या वर गेलं की अंग निवायला जागाच उरत नाही. शिवाय पाण्याच्या दाबाने रक्त छातीकडे ढकललं जातं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, आणि लघवी वाढते. दोन्हीकडून गळती. सोपा हिशेब: जितकं वजन घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या काही तासांत प्यायचं. अर्धा किलो घटलं तर पाऊण लिटरपर्यंत. एका दमात नाही, घोट घोट. चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम, नाहीतर ताक. काठावर बाटली नसलेल्या मुलाला आम्ही पाण्यात उतरू देत नाही. आधी सगळे चिडायचे, आता सवय झाली.

सरावानंतरचं खाणं हा खरं तर घरातल्यांचा प्रांत, आणि त्यात आपल्या स्वयंपाकघराला कुणी काही शिकवायची फारशी गरज नाही. फक्त वेळ सांभाळायची. दीड तासाच्या कडक सरावाने स्नायूतला साखरेचा साठा बराच उतरतो. नीट जेवणखाण असेल तर तो साधारण एका दिवसात भरून निघतो. त्याच संध्याकाळी पुन्हा उतरायचं असेल तर तेवढी वाट बघता येत नाही. बाहेर आल्या आल्या दोन केळी, किंवा पोळी-गूळ, किंवा डब्यातला दहीभात. सोबत प्रथिनं: वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम हा एका वेळचा ढोबळ आकडा. साठ किलोच्या मुलाला १८ ग्रॅम. दोन उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध घेतलं की वीस होतात. अंडी चालत नसतील तर शंभर ग्रॅम पनीर. घरी मासे होत असतील तर एक बांगडा बास. महागड्या पावडरीच्या डब्याआधी हे सगळं होतंय का, ते पाहा. स्टेशनबाहेरच्या वडापावला माझा विरोध नाही, मी स्वतः खातो. पण सराव संपल्याबरोबर तळणाचं जड पोटात गेलं की पुढच्या खऱ्या जेवणाची भूक मरते.

अंग आंबतं म्हणजे काय होतं

‘‘लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय’’ हे वाक्य मी रोज ऐकतो. पण हे अ‍ॅसिड स्नायूत ज्या रूपात असतं ते लॅक्टेट साधारण तासाभरात पुन्हा मूळ पातळीवर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे दुखतं, ते स्नायूंच्या धाग्यांना बसलेल्या बारीक इजेचं आणि त्या दुरुस्तीचं दुखणं असतं, एक ते तीन दिवसांत शिगेला जाणारं. सराव संपल्यावर दहा मिनिटं संथ पोहायचं ते लॅक्टेट लवकर जावं आणि नाडी हळूहळू खाली यावी म्हणून. त्याने उद्याचं आंबणं टळेल अशी हमी नाही.

बर्फाच्या ड्रमात बसण्याचं खूळ आता आपल्याकडेही आलंय. १० ते १५ अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसल्याने आंबलेपण कमी वाटतं, हे खरं. स्पर्धेत आज सामना, उद्या सामना असेल तर करावं. पण जिममध्ये ताकदीचा व्यायाम करून रोज लगेच बर्फात बसलात तर स्नायू वाढण्याची प्रक्रियाच मंदावते. दुरुस्तीला आलेल्या गवंड्यांना दारातूनच परत पाठवल्यासारखं ते. आमच्या मुलांकडे ड्रम नाही, याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

डोक्याचं वेगळं. जवळून आलेला चेंडू किंवा कोपर डोक्याला लागला आणि मुलाला गरगरलं, मळमळलं, तो गोंधळला, तर तो त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरत नाही, सामना कुठलाही असो. डॉक्टरांना दाखवायचं, आणि परतणंही पायरीपायरीने. मैदानात भोवळ आली तर माणूस जमिनीवर पडतो. इथे जमीन नाही.

वही

आमच्याकडे प्रत्येक मुलाची एक शंभर पानी वही आहे. त्यात रोज तीन गोष्टी: रात्री किती तास झोपलो, अंग कसं आहे, आणि सराव शून्य ते दहापैकी किती कठीण वाटला. त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. ९० मिनिटांचा सराव, कठीणपणा ६, भार ५४०. आठवड्याची बेरीज करायची. एकच आकडा बघून काही कळत नाही, पण चार आठवड्यांच्या बेरजा शेजारी ठेवल्या की उडी दिसते. परीक्षा संपून मुलं मे महिन्यात एकदम दोन वेळा यायला लागतात, तेव्हा ही बेरीज दुप्पट होते, आणि जून उजाडताना फिजिओकडे रांग लागते. स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे उलट करायचं: सरावाचा वेग आणि कस तसाच, पण एकूण काम जवळपास निम्म्यावर आणायचं. पालकांना हे पटत नाही. ‘‘स्पर्धा तोंडावर आली आणि तुम्ही सुट्टी देताय?’’

मुलींच्या वहीत अजून एक रकाना आहे, पाळीचा, आणि तो मुली आमच्यातल्या ताईंनाच दाखवतात, मला नाही. तीन महिने पाळी चुकली तर ‘खेळामुळे होतं असं’ म्हणून सोडून द्यायचं नाही. बहुतेकदा पोटात जातंय त्यापेक्षा खर्च जास्त होतोय याची ती खूण असते, आणि पुढे हाडं ठिसूळ होतात. थकवा, धाप, फिकेपणा दिसला तर हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्यायचं.

मघाचा तो फ्रीस्टाइलवाला मुलगा नेरूळला राहतो. दिवाळीनंतर त्याचं काहीतरी बिघडलं. शॉट पाण्यात बुडायला लागले, चिडचिड, दोनदा सर्दी. आम्ही पायांचे व्यायाम वाढवले, खांदा तपासला, काही सापडेना. मग एके दिवशी त्याच्या आईचा फोन आला: पोरगं सरावाहून ठाण्याला पनवेल लोकलमध्ये बसलं, आणि नेरूळला उतरायचं ते झोपेत थेट पनवेलला पोहोचलं. वही उघडली. झोपेच्या रकान्यात सलग तीन आठवडे पाच, साडेपाच, पाच. पहाटे साडेपाचची बॅच, मग कॉलेज, मग क्लास, मग आमचा सराव, मग घरी जाऊन असाइनमेंट. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. वाढीचं संप्रेरक सर्वांत जास्त सुटतं ते गाढ झोपेत. वहीत सगळं लिहिलेलं होतं, आणि आम्ही तिघेही मोठे फक्त भाराचा रकाना वाचत होतो.

मंगळवार आणि गुरुवारची पहाटेची बॅच काढून टाकली. त्याचे वडील महिन्याची फी भरली होती म्हणून जरा कुरकुरले. तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी मी वही चाळली. ‘झोप: ८. अंग: ठीक. कठीण: ५.’ त्याखाली पेन्सिलीने, कुणी न विचारता लिहिलेलं: ‘कॅन पूर्ण भरलेला, ४० सेकंद.’